खालच्या ओट्यावरची भांग

माणसाने जळावं कोणावर, याला काही ताळतंत्र असावं की नाही? लोक शेजारणीच्या साडीवर जळतात, मैत्रिणीच्या बढतीवर जळतात, जावेच्या सुनेवर जळतात. मी जळले ते पंच्याहत्तरीच्या एका माणसावर, ज्याला पुढचे दात नव्हते, ज्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांची वेणी होती आणि ज्याच्या दारावरच्या पाटीवर नावाच्या जागी 'आत कोणीतरी आहे' असं लिहिलेलं होतं. हे आमचे जयपूरचे घरमालक. वैशाली नगरात खाली ते राहायचे आणि वर मी आणि माझे बाबा.

आई गेल्यावर मी बाबांना सांगलीहून जयपूरला आणलं. मी एकटी, नोकरी इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, तिकडे त्यांना बघायला कोणी नाही. बाबा अबकारी खात्यात इन्स्पेक्टर होते. जन्मभर हातभट्ट्या फोडल्या, गांजाची झाडं उपटली, पंचनामे केले आणि घरी येऊन गप्प बसले. आमच्या घरात बाबा हसले तर आई कॅलेंडरकडे बघायची, आज सण कोणता म्हणून. आई गेल्यावर ते आणखी मिटले. मी ऑफिसातून आले की विचारायचे, "गोळ्या घेतल्या?" ते म्हणायचे, "घेतल्या." झालं, संपलं संभाषण.

जयपुरात आल्यावर दोनतीन दिवसांतच मी त्यांना भाजी आणायला घेऊन गेले. वाटेत एका दुकानावर पाटी होती, भांगेच्या सरकारी ठेक्याची. बाबा रस्त्यातच उभे राहिले. पाटी एकदा वाचली, दोनदा वाचली. मागून रिक्षावाला ओरडतोय, "बाऊजी, हटो!" आणि हे म्हणतायत, "सरकारी? सरकारी म्हणजे?" मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. ज्याच्यासाठी आयुष्यभर लोकांच्या मागे धावले ते इथे वाण्याच्या दुकानासारखं मांडून ठेवलेलं!

आणि घरी येऊन बघतो तर ओट्यावर आमचे घरमालक मांडी ठोकून बसलेत, पुढ्यात दगडी कुंडी, हातात सोटा, आणि भिजवलेली हिरवी पानं घोटतायत. बाबा भाजीची पिशवी घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. आवाज एकदम इन्स्पेक्टरचा.

"परवाना आहे?"

"परवाना दुकानाचा असतो, साहेब," ते म्हणाले. "मी गिऱ्हाईक. या, बसा."

"पानंच आहेत ना? शेंडे नाहीत?"

घरमालकांनी सोटा थांबवला आणि बाबांकडे नीट बघितलं. "अरे वा! मतलब, तुम्ही जाणकार आहात."

"पानं म्हणजे भांग आणि शेंडे म्हणजे गांजा. कायदा वेगळा लागतो," बाबा म्हणाले, आणि पिशवी खाली ठेवून कुंडीत डोकावले. मी वर गेले, भाजी निवडली, आमटी केली, कुकर लावला, तरी बाबांचा पत्ता नाही. खाली वाद चालला होता. बाबा कायदा सांगत होते, ते शंकराचं सांगत होते. माझ्याशी वाद घालायला या माणसाला कधी फुरसत झाली नव्हती.

घरमालकांचं मराठी ऐकण्यासारखं होतं. आईवडील कोकणातले. वडील विमा कंपनीत मोठे अधिकारी, बदली होऊन जयपूरला आले आणि इथेच घर बांधून राहिले. मुलाचं मराठी आईच्या तोंडचं, जुनं, गोड, आणि त्यात निम्मं हिंदी सांडलेलं. "बेटा, मला काय पता?" म्हणायचे. "चिंता नको करूस, सगळं ठीक होऊन जाईल" म्हणायचे. चिंता त्यांनी स्वतः कधी केली असेल असं वाटत नाही. घरात घड्याळ नव्हतं. अंघोळ दुपारी. फोन होता, पण तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, शिक्षा केल्यासारखा. विचारलं तर म्हणायचे, "जो मला बोलावतो त्याला मी दिसायला हवा."

कॉलेजात असताना ते घरातून निघून गेले होते. पुष्करला तेव्हा हिप्पी यायला लागले होते. लांब केसांचे, अनवाणी गोरे, घाटावर चिलीम ओढत पडलेले. विमा अधिकाऱ्याचा हा मुलगा त्यांच्यात जाऊन बसला आणि चारदोन वर्षं तिथेच राहिला. "ते मुक्ती शोधायला आले होते," ते सांगायचे, "पण त्यांच्या चपला तुटलेल्या होत्या. मतलब, मुक्तीचं मला काय पता! मी म्हटलं, चप्पल तर शिवून देऊ." तिथल्या एका मोच्याकडून ते काम शिकले. कुठल्यातरी फार मोठ्या परदेशी कवीची चप्पलही म्हणे त्यांनी शिवली होती. कवी कसा होता विचारलं तर सांगायचे, "टाच बाहेरून झिजवायचा." त्यापलीकडे एक शब्द नाही.

गांजा त्यांनी तिथेच सोडला. का, ते त्यांच्याच शब्दांत सांगते. "ओढणारा डोळे मिटून आपल्या आत जातो आणि शेजारी बसलेला एकटा पडतो. आम्ही वीसवीस जण बसलेले असायचो आणि कोणी कोणाबरोबर नाही. भांगेचं तसं नाही. ती कोणीतरी धुवायला लागते, कोणीतरी घोटायला, कोणीतरी गाळायला. मतलब, चार माणसं लागतात." त्यांच्या ओट्यावर गल्लीतले दोनतीन म्हातारे रोज संध्याकाळी जमायचे ते असे. हीच त्यांची क्रांती. मी मनात म्हणायचे, वडिलांचं घर नावावर असलं की क्रांती करायला कोणाचं काय जातं?

एकदा आमच्या कंपनीतली दोन पोरं त्यांना भेटायला आली. पुण्याचीच होती, नवी नवी आलेली. घरमालक जुने हिप्पी आहेत हे माझ्याकडून कळलेलं, त्यामुळे डोळ्यांत भक्तिभाव. एकाच्या टी-शर्टवर छातीभर गांजाचं पान छापलेलं. 'काका, सिस्टीमच्या बाहेर कसं पडायचं' वगैरे विचारायला लागला. घरमालकांनी शांतपणे त्याच्या छातीवर बोट ठेवलं. "हे कुठलं पान, बेटा?" पोरगं लाजत हसलं. तेवढ्यात बाबा बाजूने म्हणाले, "मला तर अंबाडी वाटते." आणि ते दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून असे हसत सुटले की घरमालकांना ठसका लागला, बाबांनी डोळे पुसले. पोरं गोंधळली. मीही गोंधळले. यात एवढं हसण्यासारखं काय होतं?

बाबांना विचारलं, तर म्हणाले, "काही नाही गं. असंच."

असंच! माझ्या वाट्याला असंच!

दुसऱ्या दिवशी घरमालक जिन्याजवळ भेटले आणि अजून हसतच होते. "तुझे बाबा म्हणजे कमाल आहेत हां! ती अंबाडीची गोष्ट! तुला तर पता असेलच."

मी म्हटलं, "हो तर. माहितीये की." आणि तशीच उभी राहिले, ते पुढे बोलतील म्हणून. बोलले. बाबा नोकरीत नवे असताना कोणीतरी खबर दिली की अमक्या गावात शेताच्या बांधावर गांजा लावलाय. बाबा जीप घेऊन गेले, सगळी झाडं उपटली, पंच बोलावले, पंचनामा केला, जीप भरून माल आणला. वाटेत सहज एक पान दाताखाली धरलं, तर आंबट! अंबाडी होती. पानं तशीच दिसतात, पाच बोटांची. शेतकऱ्याची माफी मागायला परत गेले, तर तो बिचारा म्हणाला, साहेब, आता उपटलीच आहे तर थोडी घरी न्या. बाबा जुडी घेऊन घरी आले. आई उंबऱ्यावरच बसली म्हणे हसत. हसून हसून पोट धरलं तिने. आणि मग लसणाची फोडणी घालून त्याच मुद्देमालाची भाजी केली, आणि दर घासाला म्हणायची, "साहेब, पुरावा आणखी वाढू का?"

"तू पण खाल्ली असशील, लहान होतीस," घरमालक म्हणाले.

मी वर आले आणि सिंकमधली भांडी आपटून आपटून घासली. माझ्या आईची गोष्ट. माझी आई उंबऱ्यावर बसून हसली, ही गोष्ट मला त्या वेणीवाल्याकडून कळावी? ज्याने माझ्या आईला कधी पाहिलंदेखील नाही? आई गेल्यापासून मी बाबांपुढे तिचं नाव काढायला भीत होते, त्यांना त्रास होईल म्हणून. आणि ते खाली बसून तिच्या आवाजाची नक्कल करत होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच!

त्यानंतर मला सगळंच खुपायला लागलं. बाबा संध्याकाळी बनियनवर खाली बसून सोटा फिरवायचे. स्वतःचा चहाचा कप कधी उचलून ठेवला नाही या माणसाने, आणि तिथे बदाम सोलतोय, मिरी वेचतोय, फडक्यातून गाळतोय! बाबा त्यांना 'अरे' म्हणायला लागले होते. सांगलीत बाबांना 'अरे' म्हणण्याइतका जवळचा कोणी नव्हता, आणि ते कोणाला म्हणायचे नाहीत. माझ्या पोटात जे दुखायला लागायचं ते ओव्याने राहण्यासारखं नव्हतं.

होळीनंतरच्या शीतळामातेच्या यात्रेला तर कमालच केली. मी ऑफिसातून फोन करतेय, बाबा उचलत नाहीत. परत करतेय, नाही. घरी धावत आले तर दोघंही गायब. शेवटी शेजारच्या भाभीजी म्हणाल्या, "वो तो स्कूटर पे चाकसू गये हैं, मेले में." एवढ्या लांब, त्या खटाऱ्यावर, मागे माझे बीपीवाले बाबा! दिवेलागणीला परत आले ते धुळीने माखलेले आणि खूश. मी रागाने गरम फुलका ताटात टाकला तर बाबा म्हणतात, "आज गरम खायचं नसतं गं. इथे आज चूल पेटवत नाहीत. आम्ही कालची पुरी आणि दही खाल्लं." तव्यावरची भाकरी ताटात यायला क्षणभर उशीर झाला तर सांगलीत ताट सरकवणारा हा माणूस! मी म्हटलं, "बाबा, मलाही न्यायचं होतं." ते म्हणाले, "तुला सुट्टी कुठे असते?" बरोबर होतं ते. म्हणून तर जास्त लागलं.

मला वाटायचं, हे सगळं भांगेचं आहे. तो हिरवा ग्लास पोटात गेला की बाबांची जीभ सुटते. नशेत काय, कोणीही हसतं, कोणीही बोलतं. त्या विचाराने मला जरा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? बाबांचं खरं मन माझ्याकडे, आणि नशेतलं त्यांच्याकडे, अशी वाटणी मी करून टाकली होती.

एका रविवारी मी ठरवलं, आपणही जाऊन बसू. मीही पिईन, आणि बाबा माझ्याशीही बोलतील. नीट साडी नेसून खाली गेले. तिथला एक रिवाज होता. ग्लास देण्याआधी घरमालक प्रत्येकाला विचारायचे, "कशाला?" आणि तो म्हणायचा, "उगीच." ज्याने कारण सांगितलं त्याला त्या दिवशी ग्लास नाही. थकलोय, झोप नाही, मुलगा बोलत नाही, काही चालायचं नाही. "कारण असेल तर वैद्याकडे जा," म्हणायचे. मला हे माहीत होतं. त्यांनी विचारलं, "कशाला, बेटा?" मी म्हटलं, "उगीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ग्लास परत मागे ठेवला. "आज नाही. तू उगीच नाही आलीस."

सगळ्यांसमोर! तीन म्हातारे माझ्याकडे बघतायत, आणि माझे बाबा, हातात स्वतःचा ग्लास धरून, गप्प. एक शब्द नाही माझ्या बाजूने. मी उठून वर आले. त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही, आणि बाबांनी स्वतःच दूधभात कालवून घेतला.

मग माझी बदली झाली, पुण्याला. फ्लॅट बघून ठेवला होता. मी आनंदाने बाबांना सांगितलं, "चला, सुटलो. सांगली जवळ, दवाखाने चांगले." बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "तू जा. मी इथेच राहतो."

"इथे म्हणजे? कोणाकडे?"

"खाली. त्याच्याकडे खोली आहे मागची."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. चप्पलसुद्धा न घालता खाली गेले. घरमालक ओट्यावर कुंडी धूत बसले होते. मी तोंड सोडलं. म्हटलं, तुम्ही स्वतःचा बाप टाकून पळालात आणि आता माझा उचललात. म्हटलं, हार्टचा माणूस आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, आणि तुम्ही त्याला दोन वर्षं रोज भांग पाजलीत. नशेची सवय लावलीत, म्हणून त्याचा पाय निघत नाही इथून. आणखीही पुष्कळ बोलले. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

ते माझं सगळं ऐकून घेत होते. मग कुंडी पालथी घातली.

"बेटा, त्यांनी कधी घेतलीच नाही."

"ग्लास असतो हातात! मी बघते रोज!"

"साधी ठंडाई असते. पहिल्याच दिवशी म्हणाले, आमच्या नोकरीत मुद्देमाल चाखत नाहीत. फक्त घोटतात. एक थेंब नाही घेतला. मला वाटलं, तुला पता आहे."

मी तिथेच ओट्याच्या कडेला बसले. म्हणजे बाबा शुद्धीत होते. अंबाडीची गोष्ट सांगितली तेव्हा शुद्धीत होते. आईच्या आवाजात 'पुरावा वाढू का' म्हणाले तेव्हा शुद्धीत होते. इतके दिवस मी भांगेवर जळत होते आणि भांगेचा काही संबंधच नव्हता. बाबांना नुसता तो माणूस पुरला होता.

वर जाऊन मी बाबांना म्हटलं, "घेत नाही हे सांगितलं का नाही मला?"

"तू विचारलंस कुठे?" बाबा म्हणाले. "तू थेट पंचनामा केला होतास."

"आणि आईचं? ते मला का नाही सांगितलं?"

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तुझा चेहरा तिच्यासारखा आहे. तुझ्याकडे बघून तिचं बोलता येत नाही मला."

मी म्हटलं, "ठीक आहे, राहा इथे," आणि फक्त माझं सामान बांधायला घेतलं. खोक्यांना चिकटपट्टी लावताना रडले, पण ती फाडताना इतका आवाज होतो की रडणं ऐकू जात नाही.

निघायला दोन दिवस उरले असताना बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. हातात त्यांची बॅग, भरलेली. म्हणाले, "माझं तिकीट काढ."

काय सांगू, मला काय झालं! मी जिंकले होते. रक्त ते रक्त, शेवटी ओढ घेतंच! मी बाबांना शिरा करून घातला. घरमालकांशीसुद्धा गोड बोलले, जिंकलेल्याला परवडतं ते. निघायच्या दिवशी बाबा एकटेच आत त्यांच्याकडे गेले, थोड्या वेळाने बाहेर आले आणि रिक्षात बसले. घरमालक दारापर्यंत आले नाहीत. मी म्हटलं, बघा, शेवटी आलाच कोरडेपणा.

गाडीने जयपूर सोडलं. बाबा खिडकीशी बसले होते. मी डब्यातून पोळीभाजी काढली, त्यांच्या हातात दिली आणि न राहवून म्हटलं, "बरं झालं बाबा. शेवटी माझं ऐकलंत."

"तुझं नाही," बाबा म्हणाले. "मी राहणारच होतो. त्याने खोली दिली नाही."

"का?"

"चिडला माझ्यावर. त्याला कधी चिडलेला बघितला नव्हता." बाबांनी घास मोडला, पण खाल्ला नाही. "म्हणाला, ती पोरगी माझ्यावर इतकी जळते, दोन वर्षं जळते. तुला दिसत नाही, कोणासाठी जळते? माझ्यासाठी असं कोणी जळलं असतं तर मी पुष्करहून पळत घरी आलो असतो. जा म्हणाला. इथे परत दिसू नकोस."

मी तोंड खिडकीकडे केलं. जे मी बाबांना सांगू शकले नव्हते, जे बाबांना स्वतःहून दिसलं नव्हतं, ते त्या माणसाला दिसलं होतं, आणि माझ्या वतीने माझ्या बापाला त्यानेच सांगितलं होतं. बाबा माझ्या शेजारी बसले होते ते त्याने पाठवले म्हणून. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदाच ठेवला असेल. आणि मी रडत रडत त्या माणसावर अशी जळत होते, जशी त्या दोन वर्षांत कधी जळले नव्हते.